ऐन वैशाखात बहरणारी कण्हेर : लागवड सोपी, सावधगिरी अनिवार्य

नवी दिल्ली : वैशाखाच्या उन्हात अंगणातील इतर झाडे माना टाकतात, तेव्हाही कण्हेर गुलाबी, पांढऱ्या वा लाल फुलांनी बहरलेली असते. महामार्गांच्या दुभाजकांवर लावल्या जाणाऱ्या या सदाहरित झुडपाच्या काटकपणाचे रहस्य त्याच्या पानांत आहे. जाड पानांच्या खालच्या बाजूस पर्णरंध्रे केसाळ खळग्यांत दडलेली असतात. त्यामुळे बाष्पोत्सर्जन घटते आणि झुडूप अल्प पाण्यावर तग धरते.

लागवडीसाठी भरपूर ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा असलेली जागा निवडावी. पावसाळ्याच्या प्रारंभी १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे, निबर होऊ लागलेल्या फांदीचे छाट लावावेत. पहिले वर्ष नियमित पाणी द्यावे. पुढे माती सुकल्यावरच. फुले नव्या फुटव्यांवर येत असल्याने बहर ओसरताच छाटणी करावी.

मात्र, कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. तिच्यातील ओलिअँड्रिन हे द्रव्य हृदयाची लय बिघडवते. केरळमध्ये कण्हेरीचे पान चावल्याने एका तरुणीचा मृत्यू झाल्याचा संशय व्यक्त झाल्यानंतर मे २०२४ मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य व प्रसादात या फुलांचा वापर थांबवला.

त्यामुळे घरात लहान मुले वा गुरे असल्यास कण्हेरीऐवजी जास्वंद लावणे श्रेयस्कर. तिला पाणी मात्र अधिक लागते. कण्हेर छाटताना हातमोजे घालावेत. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण धूरही अपायकारक असतो. कोणताही भाग पोटात गेल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.