पेवातला दिवा

"आजोबा, 'क्लासेसचं पेव फुटलंय' असं पेपरात आलंय. पेव म्हणजे काय हो?"

धाकट्या नातीने विचारलं आणि मला माझ्या आजोबांचा कंदील आठवला. बाळ, पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. धान्य भरायचं, वर कडबा आणि मातीचा थर देऊन तोंड बंद करायचं. उघडताना मात्र कुणी लगेच आत उतरत नसे. आधी दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. ज्योत मिणमिणली, विझली, की माणूस मागे. आधी हवा खेळू द्यायची, मग बघायचं.

"दिवा का विझायचा? खाली वारा तर नसेल!"

वारा नव्हता, म्हणूनच. ऐक, ही पेवाची गोष्ट तीन-साडेतीन हजार वर्षांची आहे आणि आपल्याच शिरूर तालुक्यातली आहे. घोडनदीच्या काठी इनामगाव आहे ना, तिथलं पांढरीचं टेकाड डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 ते 1983 या काळात खणलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही मोठी माणसं त्यात होती. मातीखालून एक अख्खं गाव वर आलं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 पासून 700 पर्यंत तिथे लोक नांदले. लोखंड त्यांना बराच काळ ठाऊक नव्हतं, तांबं होतं, तेही जपून वापरायचं. मुख्य पीक जव. शेताला पाणी मिळावं म्हणून त्यांनी पाटही खणला होता. खाली दौंडकडे, मुळा-मुठा आणि भीमेच्या संगमावर वाळकीलाही असेच शेतकरी राहत. तिथे तर जनावराच्या हाडाचा फाळ सापडला.

इनामगावात पाच खोल्यांचं एक मोठं घर निघालं, आणि त्याच्या शेजारी गावाचं कोठार. त्यात कणग्यांच्या बैठका होत्या आणि पेवंही होती! आपण 'पेव' म्हणतो तीच चीज.

आता खड्डा सापडला, पेव होतं हे कळलं. पण त्यात धान्य टिकत कसं होतं? खड्डा काही बोलत नाही. मग एकच उपाय उरतो, आपण स्वतः भरून बघायचं. याला प्रायोगिक पुरातत्त्व म्हणतात. इंग्लंडात बट्सर नावाच्या ठिकाणी 1972 साली पीटर रेनॉल्ड्स यांनी प्राचीन पद्धतीची शेतीच उभी केली. तिथे त्यांनी जुन्यांसारखे खड्डे खणले, धान्य भरलं, तोंड चिखलाने लिंपलं आणि वाट पाहिली.

काय झालं असेल? मोड येणाऱ्या मटकीच्या पुरचुंडीत हात घातलास तर कोमट लागतं, हो ना? कारण दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. पेवात भिंतीला लागलेल्या दाण्यांना ओल मिळते, त्यांना मोड येऊ लागतात. ते आतला प्राणवायू पिऊन टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. थोड्याच दिवसांत आतली हवा अशी होते की मोडही थांबतात, किडाही जगत नाही, बुरशीही वाढत नाही. कडेचे थोडे दाणे वाया जातात आणि मधली सगळी रास राखतात. रेनॉल्ड्स यांच्या पेवातलं धान्य पुन्हा पेरलं तर उगवलं! माझ्या आजोबांचा कंदील त्याच हवेत विझायचा. शास्त्राचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण ज्योतीची भाषा पक्की कळत होती.

"मग कापणी कशाने करायचे? विळा नव्हता?"

गारगोटीने. मागच्या सुट्टीत आपण ओढ्यातून गारा आणल्या होत्या, आठवतं? डोळ्यांवर चष्मा लावून, फडकं मांडीवर घेऊन मी एक गार फोडली. फुटली ती शिंपल्यासारखी, गोल वळणाने, आणि तिच्या कडेने कागद सर्रकन कापला. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे लाव्हात, थंड होताना वायूचे बुडबुडे राहिले. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते बुडबुडे. पुढे झिरपत्या पाण्यातली सिलिका त्यांत साठली, त्याचीच ही गार. तिचे कण इतके बारीक की फुटायला ठरलेली वाटच नाही. घाव जिकडे नेईल तिकडे ती फुटते.

पण माझ्या हातून निघाल्या त्या वेड्यावाकड्या कपच्या. इनामगावकरांची पाती सरळ, दोन्ही कडा समांतर! त्यांची युक्ती अशी: आधी दगडावर दोन्ही बाजूंनी बारीक टोले देत एक उभा कणा काढायचा. मग वरून बेताचा घाव. घावाची लाट त्या कण्याच्या कडेकडेने धावते आणि लांब पातं सुटतं. ते सुटलं की मागे दोन नवे कणे तयार, पुढच्या पात्यांसाठी. अशी पाती लाकडात ओळीने बसवली की झाला विळा. हे वाचून कळतं, पण त्यातली अक्कल किती मोठी आहे हे बोटाला चिरा पडल्यावर उमगतं. यांना 'मागासलेले' म्हणणाऱ्याच्या हातात मी एक गार देईन.

आणखी एक सांगतो. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा एक रांजण पुरलेला होता. आत एक माणूस, पाय मुडपून बसवलेला. गावातल्या इतर मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावलं तोडत, याची मात्र शाबूत होती. आणि तो रांजण कच्च्या मातीचा! मागे आपण मातीच्या दोन गोळ्या केल्या, एक उन्हात वाळवली, एक चुलीत भाजली. बादलीत टाकल्यावर उन्हातली विरघळून चिखल झाली, भाजलेली तशीच राहिली. कारण चांगल्या धगीत मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि माती पुन्हा कधी माती होत नाही. म्हणजे तो रांजण पुरता चिखल व्हायला हवा होता. तरी तो राहिला, आणि उत्खनन करणाऱ्यांनी ब्रशाने, चाकूच्या टोकाने, मातीतून माती वेगळी करून तो बाहेर काढला. आपल्या घोडनदीकाठी हे घडलं, याचा मला फार अभिमान आहे.

तेव्हा बाळ, नांगरताना अशा जुन्या भांड्याचं, काळ्या रेघांचं लाल खापर वर आलं, तर ते उचलून घरी आणू नकोस. जिथे पडलंय तिथेच त्याची गोष्ट आहे. जागा ध्यानात ठेव आणि आपण दोघं मिळून पुण्याला डेक्कन कॉलेजला कळवू.