चालू आहे तोवरच द्या

दिवाळीच्या साफसफाईत काही वस्तू दरवर्षी माळ्यावरून खाली उतरतात आणि धूळ झटकून परत वर जातात. आमच्याकडे त्यात एक पितळी घंगाळ, एक थर्माकोलचं मखर आणि जुन्या चादरीत बांधलेला एक कॉम्प्युटर होता. 'अहो, चालू आहे, टाकायचा कशाला?' असं दरवर्षी कुणीतरी म्हणायचं आणि गाठोडं पुन्हा वर जायचं. घंगाळाचं ठीक आहे, ते वीस वर्षांनी उतरवलं तरी घंगाळच असतं. कॉम्प्युटर मात्र पडून पडूनही म्हातारा होतो. आठव्या वर्षी आम्ही आमचा उतरवून लावला तेव्हा तो इमानदारीत सुरू झाला. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी उतरलेली असल्यामुळे तारीख तेवढी भलत्याच वर्षाची दाखवत होता. पण तोवर त्याला फुकट न्यायलाही कुणी तयार नव्हतं. हेच गाठोडं सहा वर्षं आधी सोडलं असतं तर एखाद्या मुलाचं कॉलेज त्यावर निघालं असतं.

जुना ठरवतो कोण?

बहुतेक घरांत कॉम्प्युटर बिघडून निवृत्त होत नाही, त्याच्यावरची विंडोज निवृत्त होते. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला ८ एप्रिल २०१४ रोजी निरोप दिला, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवशी मशीन बंद पडत नाही, फक्त सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या यायच्या थांबतात. विंडोज १० वाल्यांपैकी ज्यांनी नोंदणी केली, त्यांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, एवढंच.

विंडोज ११ घालावी म्हटलं तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. पिढी ओळखणं सोपं आहे. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडलं की 'आय५-७४००' असं काहीतरी दिसेल. रेघेनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी, '८२५०' असेल तर आठवी. गंमत अशी, की २०१७ च्या सुरुवातीला घेतलेला, एकदाही दुरुस्तीला न गेलेला डेस्कटॉप या परीक्षेत नापास होतो आणि त्याच वर्षाच्या अखेरीस घेतलेला लॅपटॉप पास! तेव्हा 'जुना' हा शब्द ऐकून लगेच मोडीत काढायची घाई नको. बँकेचे व्यवहार अशा मशीनवर करू नयेत हे खरं, पण त्याच्या अंगात बराच दम शिल्लक असतो.

आत काय आहे, ते आधी काढा

खरं काम इथे आहे आणि लोक नेमकं इथेच घाई करतात. फोटो सगळ्यांना आठवतात. २००५ ते २०१२ या काळातले डिजिटल कॅमेऱ्याचे फोटो 'न्यू फोल्डर (३)' अशा नावांखाली कुठेतरी दडलेले असतात आणि त्यांची दुसरी प्रत बहुधा कुठेही नसते. ते 'डेस्कटॉप', 'माय पिक्चर्स' आणि 'डी ड्राइव्ह' अशा तिन्ही ठिकाणी शोधा.

पण मराठी माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये आणखी एक खजिना असतो, तो म्हणजे युनिकोडच्या आधीचं मराठी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम वापरून टाइप केलेली आत्मचरित्रं, कुळाचा वृत्तांत, मंडळाच्या स्मरणिका, लग्नपत्रिकांचे मजकूर. या फाँटमध्ये 'क' किंवा 'म' हे अक्षर इंग्रजी अक्षरांच्या किंवा चिन्हांच्या घरात बसवलेलं असायचं. त्यामुळे तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि तिथे तो फाँट नसला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि टिंबा-चिन्हांची खिचडी दिसते. माझ्या एका नातेवाइकांनी वडिलांच्या आठवणींच्या दोनशे पानांची अशी खिचडी तीन वर्षं पेनड्राइव्हवर जपून ठेवली होती. फाइल खराब झाली, असं त्यांना वाटत होतं. ती शाबूत होती. फाँट जुन्या मशीनबरोबर गेला होता.

म्हणून जुनं मशीन चालू आहे तोवर त्याच्यावरच दोन गोष्टी करा. प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, म्हणजे मजकूर निदान डोळ्यांना दिसेल. मग तो युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठीचे कन्व्हर्टर मिळतात. बदललेल्या मजकुरात रफार आणि जोडाक्षरं हटकून बिघडतात, तेव्हा एकदा वाचून काढावं लागेल. पेजमेकरच्या फाइली असतील तर घाई दुप्पट, कारण त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मधली. मागे लावलेलं फाँटचं लॉक, म्हणजे डोंगल, त्याच मशीनला राहू देऊ नका. काढून घ्या आणि चिठ्ठी लावून ठेवा.

दुकान किंवा लहान ऑफिस असेल तर टॅलीच्या डेटाचा बॅकअप घ्या आणि लायसन्स रीतसर 'सरेंडर' करा, म्हणजे नव्या मशीनवर ते घालताना अडणार नाही. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. मशीन विकलं, ही सबब तिथे चालत नाही.

डिलीट केलं म्हणजे गेलं नव्हे

सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून विहीर बुजत नाही. डिलीट आणि क्विक फॉरमॅटचं तसंच आहे, नोंद जाते आणि मजकूर जागेवरच राहतो. सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलट या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू निघालेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांतून हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक मिळाले. हे जुनं झालं म्हणाल, तर २०२२ चं घ्या. ग्राहकांची माहिती असलेली यंत्रं न पुसता बाहेर गेल्याच्या प्रकरणात मॉर्गन स्टॅन्लीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड भरावा लागला.

घरच्यासाठी उपाय साधा आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर विंडोजच्या 'रिसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि सेटिंग बदलून 'क्लीन डेटा' चालू करा. काही तास लागतात, रात्री लावून झोपावं. सात वेळा पुसायला हवं, असं कुणी सांगेल. आजच्या डिस्कला एकदा नीट पुसणं पुरतं. एसएसडीचा स्वभाव वेगळा, ती लिहिलेलं आपल्या मर्जीने इकडेतिकडे विखरून ठेवते. तिच्यासाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं 'सिक्युअर इरेज' वापरा.

मी स्वतः याहून सोपं करतो, डिस्क देतच नाही. स्क्रू काढले की ती हातात येते. तिला यूएसबीचं केसिंग घातलं की घरचा बॅकअप तयार. डॉक्टर, वकील आणि सीए यांनी तर हाच नियम करावा, कारण आतली माहिती त्यांची नसते, दुसऱ्यांची असते.

आणखी एक. मॅकबुक देताना 'फाइंड माय' बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडा. नाहीतर अलीकडचे मॅकबुक पुढच्या माणसाच्या हाती कुलूपबंदच पोचतात.

नवा जीव घालायचा का?

डिस्क काढून घेतलीच आहे, तर त्या जागी २५६ जीबीची एसएसडी बसवा. जुन्या मशीनवर करण्याजोगा खर्च हा एकच, असं माझं मत. विंडोज सुरू होईपर्यंत चहा होऊन जायचा, तेच मशीन अर्ध्या-पाऊण मिनिटात उभं राहतं. रॅम ४ जीबीहून कमी असेल तर वाढवा. डीडीआर३ जातीची रॅम मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या गावच्या दुरुस्तीवाल्याकडे जुन्यात मिळते. विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स मिंट फुकट आहे. त्यात ब्राउझर, लिबरऑफिस आणि मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग चालतं. टॅली आणि श्री-लिपी चालत नाहीत. विंडोजवर एमएस-सीआयटी शिकलेल्या माणसाला पहिला आठवडा चुकल्यासारखं होईल, ते आधीच सांगून ठेवा.

आमच्या कॉम्प्युटरचा डबा उघडला तेव्हा धुळीच्या गादीखाली पंख्यामागे झेंडूची एक वाळकी पाकळी निघाली. पॉवरच्या बटणाच्या खाचेत कुंकू होतं, कुठल्यातरी खंडेनवमीचं. ब्रशने धूळ काढली, कुंकू मात्र राहू दिलं.

कुणाला द्यावा

ज्याने मागितलाय त्याला. यासारखं उत्तर नाही. कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणार असेल, तर तिला वेग वाढवायला मशीन हवंय, ते कोणत्या पिढीचं आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. सोसायटीचा वॉचमन, गावाकडचा पुतण्या, वाचनालय, विचारत गेलं की माणूस सापडतो.

शाळेला द्यायचा असेल तर आधी मुख्याध्यापकांना विचारा: ठेवायला जागा आणि प्लग आहे का, आणि बिघडला तर बघणार कोण? पाच घरांतून आलेली पाच जातींची मशीनं ही शाळेला मदत नसते, नवीन अडगळ असते. त्यापेक्षा एकसारखी दोन चांगली करून द्या. करसवलतीच्या आशेने देत असाल तर ८०-जीची सवलत पैशाच्या देणगीला असते, वस्तूला नाही.

दुकानातली एक्स्चेंज ऑफर म्हणजे बोहारीण. जुन्या साड्या घेऊन ती पातेलं द्यायची, आणि पातेल्याचा भाव तीच ठरवायची. घासाघीस जमत असेल तर जरूर जा, फक्त डिस्क घरी ठेवून.

जे कुणालाच नको

जाड काचेचा, पाठीला पोक असलेला सीआरटी मॉनिटर आता कुणी घेत नाही. त्याच्या काचेत शिसं असतं. भंगाराच्या दुनियेत त्यातल्या तांब्यापायी मान फोडून काच फेकून देतात. वायरींमधलं तांबं काढायला त्या जाळतात, सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. दोष दारावर येणाऱ्या भंगारवाल्याचा नाही. घराघरांतून वस्तू गोळा करण्याचं काम त्याच्याइतकं चोख कुणी करत नाही. प्रश्न पुढच्या गल्लीतला आहे.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांवर ई-कचऱ्याचं पुनर्चक्रण घडवून आणण्याची जबाबदारी आहे. नोंदणीकृत पुनर्चक्रकांबरोबर 'रिफर्बिशर' म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही त्यात जागा आहे. वर्षात हजार किंवा जास्त नग वापरणाऱ्या संस्थांनी आपला माल अशा नोंदणीकृतांनाच द्यायचा आहे. तुम्हा-आम्हाला ती सक्ती नाही, पण रस्ता तोच बरा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृतांची नावं असतात. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्थाही ई-कचरा गोळा करते.

यूपीएसची बॅटरी शिशाची असते, ती बॅटरीच्या दुकानात नवी घेताना परत द्यावी. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, म्हणजे टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर दाबू नका, टोचू नका आणि चार्जिंगला लावू नका.

आणि देताना चार्जर किंवा पॉवर केबल द्यायला विसरू नका. ती सापडेना म्हणून कितीतरी चालू मशीनं दुसऱ्याच्या माळ्यावर जाऊन बसतात. लॉगिनचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून आतल्या बाजूला चिकटवा आणि दिवाळीची वाट न बघता या रविवारी गाठोडं खाली उतरवा.