साडेपाचशे विरुद्ध शून्य

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने 1901 च्या हंगामात अकरा सामने खेळून अकराही जिंकले. त्यांत त्याने 550 गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही. हा फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ.

त्या काळी तो आजच्याहून बराच वेगळा होता. मैदान 110 यार्डांचे, चेंडू आजच्यापेक्षा फुगीर. सलग तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू समोरच्या संघाकडे जाई. टचडाउनचे पाच गुण आणि त्यानंतरची किक गोलखांबांमधून गेली तर वर एक. चेंडू पुढे फेकण्याची मुभा 1906 साली मिळाली. तोवर सारा मामला रेटारेटीचा. एकाने चेंडू पोटाशी धरून घुसायचे, बाकीच्यांनी त्याला पुढे ढकलायचे. बदली खेळाडू क्वचितच उतरत. तेच अकरा जण चढाई करीत आणि बचावही तेच करीत.

असा खेळ बहुधा संथ होई. ढिगाऱ्याखालचे खेळाडू उठायचे, अंग झाडायचे, मग पुढचा डाव. हा रिकामा वेळच फील्डिंग योस्ट यांनी काढून घेतला. वेस्ट व्हर्जिनियात जन्मलेले आणि कायद्याचे शिक्षण घेतलेले योस्ट 1897 ते 1900 या चार वर्षांत ओहायो वेस्लियन, नेब्रास्का, कॅन्सस आणि स्टॅनफर्ड अशा चार ठिकाणी प्रशिक्षक होते. प्रशिक्षक आपलाच माजी विद्यार्थी असावा असे स्टॅनफर्डने ठरवले आणि योस्ट मोकळे झाले. मिशिगनचे क्रीडाप्रमुख चार्ल्स बेअर्ड यांनी त्यांना ॲन आर्बरला बोलावून घेतले. ‘चला, लवकर’ हा तिथे त्यांचा अखंड जप असे; ‘हरी अप’ योस्ट हे नाव त्यामुळेच पडले. आधीचा डाव संपून माणसे जमिनीवरून उठत असतानाच क्वार्टरबॅक बॉस वीक्स पुढच्या डावाची खूण ओरडे. समोरचे सावरेपर्यंत चेंडू निघालेला असे. मिशिगनच्या यशाचे मर्म ताकदीपेक्षा या घाईत अधिक होते.

माणसेही तशीच मिळाली. हाफबॅक विली हेस्टन कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयातला. योस्ट यांनी त्याला तिथे हेरले होते. त्यांच्या आग्रहावरून तो मिशिगनला आला. पहिल्याच पावलाला पूर्ण वेग पकडणे ही त्याची खासियत. फुलबॅक नील स्नो दणकट, लांब किक मारणारा एव्हरेट स्वीली, आणि कर्णधार ह्यू व्हाइट.

हंगामाची सुरुवात ॲल्बियनवर 50-0 आणि केसवर 57-0 अशी झाली. मग इंडियाना 33-0, नॉर्थवेस्टर्न 29-0. ऑक्टोबरच्या अखेरीस बफेलोचा संघ आला. पूर्वेकडचा म्हणून त्याचा दबदबा होता, पण निकाल लागला 128-0. या सामन्याची एक आख्यायिका सांगतात. बफेलोचा एक दमलेला खेळाडू मिशिगनच्या बाकावर येऊन बसला. ‘तू चुकीच्या बाजूला आलास’ असे सांगितल्यावर त्याने आपण बरोबर जागी असल्याचे ठासून सांगितले. खरे-खोटे कोण जाणे. पण गुणफलक पाहता त्या गड्याचे फारसे चुकले असे वाटत नाही.

तरीही या संघाची पारख 128 वरून करू नये. बेलॉइटवरचे 89-0 किंवा आयोवावरचे 50-0 हेही विषम लढतींचेच आकडे. कस लागला तो कार्लाइल (22-0), ओहायो स्टेट (21-0) आणि शिकागो (22-0) यांच्यासमोर. तिथे गुण कमी झाले, पण समोरचा रकाना कोराच राहिला.

कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावी 1890 पासून नववर्षाला फुलांचा उत्सव भरत असे. आयोजकांनी 1902 साठी त्याला फुटबॉल सामन्याची जोड दिली आणि पश्चिमेतर्फे स्टॅनफर्डला, म्हणजे योस्ट यांच्याच जुन्या संघाला, उभे केले. मिशिगनचा संघ हिवाळ्यातले ॲन आर्बर सोडून रेल्वेने तिथे पोचला. 1 जानेवारीला टूर्नामेंट पार्कवर सुमारे आठ हजार लोक जमले. पहिली वीसेक मिनिटे स्टॅनफर्डने चिवटपणे तोंड दिले. मध्यंतराला 17-0, आणि मग बांध फुटला. एकट्या स्नोने पाच टचडाउन केले. मिशिगनने एकही बदली खेळाडू उतरवला नाही. आठ मिनिटे उरली असताना स्टॅनफर्डचा कर्णधार राल्फ फिशर याने सामना थांबवण्याची विनंती केली. व्हाइटने ती मान्य केली. 49-0 वर खेळ संपला.

पुढे रोझ बोल म्हणून गाजलेल्या परंपरेतला हा पहिला सामना. मात्र इतक्या एकतर्फी निकालाने आयोजकांचा हिरमोड झाला. पुढची अनेक वर्षे तिथे रथांच्या शर्यती वगैरे झाल्या. फुटबॉल परतला तो थेट 1916 साली.

1901 च्या हंगामात पूर्वेत हार्वर्डही अपराजित होते. दोघांची गाठ पडली नाही, त्यामुळे श्रेष्ठ कोण हा वाद उरला. नंतरच्या अनेक जाणकारांनी कौल मिशिगनला दिला. योस्ट यांचा संघ 1905 पर्यंत सलग 56 सामने अपराजित राहिला आणि अखेर शिकागोकडून 2-0 ने हरला. शून्याचा रकाना मात्र त्याआधीच, 1902 च्या दुसऱ्या सामन्यात मोडला होता. मिशिगनने तो 48-6 असा जिंकला. ते सहा गुण केसचे होते.