मधे फक्त उजेड

दीपनगरच्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटच्या जनरेटरमधून वीज निघते तीच २१ हजार व्होल्टने. पण कंट्रोल रूममधल्या मीटरला ती कधी भिडत नाही. मधला पीटी, म्हणजे पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर, त्याला ११० व्होल्टच देतो. मी इथे पंपाचे स्टार्टर दुरुस्त करतो. विहिरीवरच्या पेटीतही हीच शिस्त असावी, असं माझं ठाम मत आहे.

रावेर-यावलकडची पोरं हल्ली केळीच्या पंपासाठी स्वतः सर्किट करतात. रात्री लाईट आली की मोबाईलवर कळावं, हा हेतू. मला याचं फार कौतुक वाटतं. पण त्यातला कंट्रोलर चालतो ३.३ किंवा ५ व्होल्टवर, आणि २३० व्होल्टच्या लाईनचं शिखर असतं ३२५. काही जण मोठा रेझिस्टन्स टाकून फेज सरळ पिनला देतात आणि सर्किटचा ग्राउंड न्यूट्रलला बांधतात. उद्या कुणी वायरी उलट जोडल्या, तर अख्खं सर्किट फेजवर! भाऊ, ओल्या वाफ्यात अनवाणी उभं राहून त्याला हात लावायचा आहे.

ऑप्टोकपलर वापरा. पीसी८१७ चार पायांचा असतो, स्वस्तात मिळतो. आत एकीकडे एलईडी, दुसरीकडे तो उजेड ओळखणारा ट्रान्झिस्टर. मधे वायरच नाही. फेजकडे ४७ के, अर्ध्या वॅटचे दोन रेझिस्टन्स सिरीजमध्ये लावा, म्हणजे सगळा दाब एकावर येत नाही. एलईडीला उलटा डायोड हवाच, नाहीतर उलट्या अर्ध्या फेरीत ती मरते. पीसीबीवर दोन्ही बाजूंत सहा-आठ मिलिमीटर मोकळी जागा सोडा.

पिनवर सेकंदाला ५० ठोके येतात. एक ठोका हुकला म्हणून लाईट गेली असं धरू नका. दशांश सेकंद शांत गेला, तरच धरा. ऑप्टोऐवजी जुना मोबाईल चार्जरही चालतो, पण लाईट गेल्यावर तो क्षणभर तग धरतो, आणि दाब पार उतरला तरी ५ व्होल्टच देतो.

थ्री फेजला तीन ऑप्टो लागतात. तरी मोटार चालू असताना एक फेज गेला, तर वाइंडिंगमधून त्या गेलेल्या फेजवरही दाब दिसतो. सर्किट म्हणतं तिन्ही आहेत, मोटार मात्र दोनवर तापत जाते. म्हणून पेटीतला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर काढू नका.