नोकरीसाठीचे परिचयपत्र : स्वरूप व लेखन

मराठीत ‘बायोडाटा’ हा शब्द दोन कागदांना लावला जातो. एक विवाह जुळविताना वधूवरांच्या घरी फिरतो. दुसरा नोकरीच्या अर्जासोबत जातो. नाव एकच असल्यामुळे की काय, पहिल्यातील मजकूर दुसऱ्यात सहज शिरतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या परिचयपत्रात वडिलांचे नाव व व्यवसाय, वैवाहिक स्थिती, छंद आणि अखेरीस ‘वरील माहिती सत्य आहे’ अशी प्रतिज्ञा, हे सर्व यथासांग आढळते. मात्र वर्षभर खपून लिहिलेल्या प्रबंधिकेच्या वाट्यास जेमतेम एक ओळ येते. शासकीय पदांसाठी यांपैकी काही तपशील लागतात हे खरे. तथापि त्यांकरिता ठरावीक नमुन्याचा अर्ज असतोच. परिचयपत्राचे प्रयोजन निराळे आहे. पदासाठी जे काम करावयाचे, ते किंवा तत्सदृश काम अर्जदाराने पूर्वी केले आहे, याचा पडताळून पाहता येईल असा पुरावा वाचणाऱ्यापुढे ठेवणे, हे ते प्रयोजन होय.

‘करिक्युलम व्हिटे’ या लॅटिन शब्दांचा अर्थ जीवनाचा क्रम असा आहे. त्यावरून समग्र जीवनवृत्त अपेक्षित आहे असा ग्रह होतो. वस्तुतः येथे निवडीस महत्त्व आहे. या संदर्भात लिओनार्दो दा व्हिंची याच्या पत्राचा नेहमी उल्लेख होतो. सुमारे 1482 मध्ये मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याच्या आश्रयासाठी त्याने जे पत्र योजिले, त्याचा मसुदा उपलब्ध आहे. लिओनार्दो तेव्हा तिशीच्या घरात होता आणि फ्लॉरेन्समध्ये चित्रकार म्हणून परिचित होता. पत्रात मात्र आरंभी येतात ते वाहून नेण्याजोगे हलके पूल, वेढ्याची साधने, तोफा आणि आच्छादित रथ. वास्तुरचना, शिल्प व चित्रकला यांचा क्रम अगदी शेवटी लागतो. युद्धात गुंतलेल्या सत्ताधीशास काय हवे, हे त्याने ओळखले होते. शिवाय कोणास शंका वाटल्यास प्रत्यक्ष प्रयोग करून दाखविण्याची तयारीही त्याने दर्शविली. त्यांतील किती यंत्रे त्याने तोवर खरोखर उभारली होती, हा प्रश्न वेगळा. तेवढ्यापुरते त्याचे अनुकरण न करणे बरे.

भाषा, इतिहास व सामाजिक शास्त्रे यांच्या विद्यार्थ्यांत ‘आपणापाशी सांगण्याजोगे कौशल्य नाही’ अशी समजूत फार रूढ आहे, आणि तिच्यामुळे अनेक जण अर्जच करीत नाहीत. पुष्कळदा उणीव कौशल्याची नसून वर्णनाची असते. समजा, इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने परिचयपत्रात ‘मोडी लिपीचे ज्ञान’ एवढेच लिहिले. या तीन शब्दांवरून कोणासही काही कळत नाही. आठ दिवसांच्या वर्गात मुळाक्षरे गिरविणाराही तेच लिहितो. तिने प्रत्यक्षात पुणे पुरालेखागारातील पेशवे दफ्तरातून अठराव्या शतकातील 140 महसुली कागदांचे लिप्यंतर केले असेल, त्यांतील रकमा संगणकावर कोष्टकरूपाने मांडल्या असतील आणि विसंगत आकडे मूळ कागदांशी ताडून दुरुस्त केले असतील, तर हेच लिहावयास हवे. पुरालेखागारासाठी लिपी व कालखंड प्रथम यावा. माहितीच्या पृथक्करणाचे काम करणाऱ्या संस्थेसाठी कोष्टके व पडताळणी प्रथम यावी. दोन्ही मजकूर खरे आहेत, फक्त क्रम बदलला. ‘सहभाग घेतला’, ‘साहाय्य केले’ ही क्रियापदे मात्र शक्यतो टाळावीत, कारण त्यांमागे नेमके कोणी काय केले हे दडते.

अध्यापनाच्या पदांसाठी अर्जांची छाननी गुणांनी होत असल्याने तेथे विस्तार क्षम्य ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत विद्यापीठीय साहाय्यक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी पीएच.डी.ला 30, नेटला 5 व सेटला 3 गुण नेमले होते, आणि प्रत्येक शोधनिबंधास 2 याप्रमाणे कमाल 10. अशा ठिकाणी ‘पाठविला’, ‘स्वीकृत’ आणि ‘प्रकाशित’ या अवस्थांतील भेद काटेकोरपणे पाळावा. मुलाखतीत पहिला प्रश्न तेथेच येतो. इतर नोकऱ्यांसाठी एक पान, फार तर दोन पाने पुरेत. श्रेणीगुण मूळ प्रमाणासह द्यावेत (10 पैकी 8.2 असे), कारण त्यांचे टक्क्यांत रूपांतर करण्याची सूत्रे विद्यापीठागणिक भिन्न आहेत.

अनेक मोठ्या संस्थांत अर्ज प्रथम संगणकप्रणाली वाचते. सुशोभित चौकटी व स्तंभ यांतील मजकूर तिच्याकडून विस्कटण्याचा संभव असतो, म्हणून साधी शीर्षके व सलग मांडणी ठेवावी. मराठी परिचयपत्र युनिकोडमध्येच टंकलिखित करावे. जुन्या, युनिकोडपूर्व टंकातील मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांत बदलतो. नावाचे इंग्रजी वर्णलेखन गुणपत्रिकेवर असेल तेच सर्वत्र राखावे.

संदर्भासाठी ज्या अध्यापकांची नावे द्यावयाची, त्यांची अनुमती आधी घ्यावी आणि अर्ज पाठविण्यापूर्वी परिचयपत्राची एक प्रत त्यांस द्यावी. विद्यार्थ्याने काय काम केले हे त्यांस ठाऊक असतेच. परंतु कोणत्या पदासाठी विचारणा होणार, हे बहुधा त्यांस फोन आल्यावरच कळते.