सायकलचे हँडल किती उंच असावे?
कार्डिफला टॅफ नदीकाठची वाट बरीचशी सपाट, त्यामुळे आमच्या वयाचे पुष्कळजण तिथे सायकल चालवतात. तक्रार बहुधा एकच: करंगळीला मुंग्या येतात, मान आखडते. हँडल सीटपेक्षा खाली असले की अंगाचा भार तळहातांवर येतो आणि करंगळीची नस दाबली जाते. म्हणून आपण ते सीटच्या बरोबरीने किंवा जरा वरच ठेवावे.

जुन्या सायकलीत वरचा बोल्ट सैल केला की दांडा वर सरकतो. एकेक सेंटिमीटरच वाढवा. दांड्यावरची मर्यादेची खूण मात्र बाहेर दिसता कामा नये. दांडा निसटून पडलात, तर खुब्याचे हाड मोडायचे. असे रुग्ण मी वॉर्डात खूप सांभाळलेत! नव्या सायकलीचे काम मेकॅनिकलाच सांगा. ब्रेकची तार ताणली गेली नाही ना, तेही पाहून घ्या.

उतरल्यावरही मुंग्या राहिल्या, तर जीपींना दाखवा.