कपाट बदलले, पसारा तोच!

गृहकर्ज फिटल्यानंतर घराची मूळ कागदपत्रे परत मिळविण्यासाठी बँकेत खेटे घालावे लागणे, हा अनेकांच्या परिचयाचा अनुभव. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढून त्यास वेसण घातली. संपूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत कागदपत्रे परत मिळाली नाहीत आणि दिरंगाई कर्ज देणाऱ्या संस्थेची असेल, तर १ डिसेंबर २०२३ पासून विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी पाच हजार रुपये ग्राहकास द्यावे लागतात. कागद हरवलाच असेल तर प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्चही संस्थेनेच सोसायचा. त्यासाठी तिला आणखी तीस दिवस मिळतात, एवढेच. कागद न सापडण्याला अशी रोज वाढणारी किंमत लागली, की तो प्रश्न कारकुनाच्या टेबलावर राहत नाही. संचालक मंडळापुढे जातो.

या प्रश्नासाठी संगणक क्षेत्रात एक स्वतंत्र शाखाच उभी राहिली आहे. एंटरप्राइज कंटेंट मॅनेजमेंट, अर्थात ‘ईसीएम’ हे तिचे भारदस्त नाव. खात्यातील शिल्लक किंवा हप्त्याची रक्कम रकान्यांत बसते, ती डेटाबेसमध्ये जाते. परंतु करारनामे, पत्रव्यवहार, ई-मेल, नकाशे, स्कॅन केलेले अर्ज रकान्यांत बसत नाहीत आणि कोणत्याही मोठ्या आस्थापनेत पसारा असतो तो यांचाच. ईसीएम प्रणाली अशा प्रत्येक दस्तऐवजाला काही नोंदी जोडते : हा कागद कशाचा, तो कोणी पाहावा, त्याची अंतिम आवृत्ती कोणती आणि तो कधीपर्यंत जपायचा. मूळ खरेदीखत अर्थातच तिजोरीत राहते. पण ते कोणत्या तिजोरीतील कोणत्या गठ्ठ्यात आहे, हे सांगणारी नोंद येथे असते. किंबहुना, असायला हवी.

या व्यवसायाचा इतिहास मोठा बोलका आहे. कागदांच्या प्रतिमा साठविणारी ‘फाइलनेट’ ही अमेरिकी कंपनी १९८२ मध्ये स्थापन झाली, तर ‘डॉक्युमेंटम’ १९९० मध्ये. नव्या औषधाच्या परवान्यासाठी लाखो पानांचे दप्तर सादर करावे लागणाऱ्या औषधकंपन्या तिच्या मोठ्या ग्राहक होत्या. पुढे २००१ मध्ये ‘एन्रॉन’ कोसळली, तिच्या लेखापरीक्षकांनी कागदपत्रे नष्ट केल्याचे उघड झाले आणि २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने दस्तऐवज जपणे ही तुरुंगवासाशी निगडित बाब ठरविली. या तंत्रज्ञानाला भाव आला तो तेव्हा. ‘ईएमसी’ने २००३ मध्ये डॉक्युमेंटम सुमारे १७० कोटी डॉलरना घेण्याचा करार केला, २००६ मध्ये ‘आयबीएम’ने फाइलनेट, तर ‘ओरॅकल’ने ‘स्टेलंट’ पदरात पाडून घेतली.

मात्र २०१६ मध्ये ‘ईएमसी’ स्वतःच ‘डेल’च्या ताब्यात गेली आणि डॉक्युमेंटम, सोबतच्या इतर उत्पादनांसह, ‘ओपनटेक्स्ट’ला सुमारे १६२ कोटी डॉलरना विकण्याचा करार झाला. तेरा वर्षांत किंमत वाढली नाहीच, उलट घटली. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की त्याचे लक्षावधी दस्तऐवज ज्या कपाटात होते, त्याचा मालक त्याला न विचारता बदलत गेला. एका प्रणालीतून दुसरीत जाणे सोपे व्हावे म्हणून ‘सीएमआयएस’ हे सामाईक मानक २०१० मध्ये आले खरे, पण त्यातून दस्तऐवज हलतात. त्यांच्याभोवती वर्षानुवर्षे रचलेली मंजुरीची साखळी मात्र नव्याने उभारावी लागते.

‘गार्टनर’ या सल्लागार संस्थेने २०१७ मध्ये ईसीएमचा मृत्यू जाहीर करून ‘कंटेंट सर्व्हिसेस’ असे नवे बारसे केले. तिचे म्हणणे असे, की साऱ्या संस्थेचा ऐवज एकाच भांडारात आणण्याचे स्वप्न फोल ठरले. तो विखुरलेलाच राहणार हे मान्य करून सर्वत्र पोहोचणाऱ्या सेवा द्याव्यात. निदान अचूक होते. कर्मचारी फाइल ई-मेलमध्ये, सामाईक ड्राइव्हवर आणि व्हॉट्सॲपवर ठेवतात. तथापि, नाव बदलल्याने जुन्याच मालाची नव्याने विक्री करणे सोयीचे झाले, हेही नाकारता येत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने या पसाऱ्याला वेगळेच वळण दिले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्या आस्थापनांसाठी खुला झालेला मायक्रोसॉफ्टचा ‘कोपायलट’ कर्मचाऱ्याच्या प्रश्नाला संस्थेतीलच दस्तऐवज धुंडाळून उत्तर देतो. ज्याला जे पाहण्याची मुभा आहे तेवढेच तो दाखवितो, असा दिलासा दिला जातो. गोम इथेच आहे. घाईघाईत सर्वांना खुल्या ठेवलेल्या फोल्डरमधील वेतनाचा तक्ता आजवर कोणाला सापडत नव्हता, म्हणूनच तो गुप्त होता. यंत्राला तो क्षणात सापडतो. रद्द झालेल्या धोरणाचा जुना मसुदा कोणी बाजूला काढला नसेल, तर उत्तर त्यातूनही येते, तेही ठाम भाषेत.

त्यामुळे चर्चा पुन्हा कागद नष्ट करण्यापाशी आली आहे. ग्राहकाशी संबंध संपल्यानंतरही ओळखपत्रांच्या नोंदी पाच वर्षे जपा, असे काळ्या पैशाविरोधातील कायदा बँकांना सांगतो. उलट, प्रयोजन संपताच वैयक्तिक माहिती पुसा, असे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बजावतो. अन्य कायद्याने जपणे बंधनकारक असेल तेवढाच अपवाद. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. ‘सगळेच ठेवा, साठवण स्वस्त आहे’ हे धोरण यापुढे महागात पडेल.

गंमत म्हणजे, आपल्या सरकारी अभिलेख कक्षांत हा विचार फार जुना आहे. अ, ब, क, ड अशी नस्त्यांची वर्गवारी करून ‘अ’ वर्ग कायम जपायचा आणि ‘ड’ अल्पावधीत नष्ट करायचा, हे जुन्या कारकुनाला तोंडपाठ असे. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयातील अनेक नस्ती भस्मसात झाल्यानंतर राज्यात ई-ऑफिसला गती मिळाली. स्कॅनिंगच्या निविदा काढता येतात. कोणता कागद ‘अ’ आणि कोणता ‘ड’, हे मात्र त्या त्या विभागातील जाणकारालाच बसून ठरवावे लागते आणि त्या कामासाठी अर्थसंकल्पात तरतूद क्वचितच दिसते.